धुकट किनाऱ्यावरचे पक्षी: आधी भरती, मग जागा, मग दुर्बीण

मार्च लागला की गोव्यात मोरजी, बेतुल, केरी अशा ठिकाणी जाऊन आलेले नवे पक्षीनिरीक्षक त्याच त्या तीन गोष्टी सांगतात. "पहाटे पाचला उठून गेलो, समोर नुसतं धुकं." "पन्नासेक कुरव बसले होते, जरा जवळ गेलो तर सगळे उडाले." आणि "वाकड्या चोचीचा मोठा पक्षी होता, कोरलच असणार." पहिल्याने भरतीची वेळ पाहिली नव्हती, दुसरा पक्ष्यांकडे चालत गेला, तिसऱ्याने धुक्यात दिसलेल्या आकारमानावर विश्वास ठेवला. (कुरव म्हणजे गल, कोरल म्हणजे कर्ल्यू.)

किनाऱ्यावरच्या पक्ष्यांचा दिवस घड्याळावर चालत नाही, पाण्यावर चालतो. ओहोटीला ते चिखलावर आणि वाळूवर दूरवर पांगतात. भरती चढू लागली की पाणी त्यांना मागे रेटत किनाऱ्याकडे आणतं. आपण योग्य जागी आधीच बसलेलो असलो की पक्षी आपोआप जवळ येतात. खालच्या पायऱ्या या एका गोष्टीभोवती रचलेल्या आहेत. उदाहरण मोरजीच्या तेमवाड्याचं, म्हणजे शापोरा नदीच्या मुखाचं घेतलं आहे. साळ नदीच्या मुखाशी मोबोर-बेतुल, उत्तरेला केरी-तेरेखोल आणि काणकोणात गालजीबाग इथेही क्रम हाच.

## पायरी 1: तिथी बघा, मग दिवस ठरवा

रविवार मोकळा आहे म्हणून रविवारी जाणं ही पहिली चूक. आधी भरतीचा तक्ता बघा. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या तक्त्यांत मुरगाव बंदराच्या वेळा असतात, मोबाइलवरच्या ॲपमध्येही मुरगाव निवडता येतं. मुंबईच्या वेळा गोव्याला लावू नका, आपल्याकडे भरती मुंबईच्या आधी येते. तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ काढायचा कोकणातला जुना हिशेबही इथे पुढेमागे होतो. शिवाय मुखातून नदीत जितकं आत जाल तितकी भरती उशिरा पोहोचते, म्हणजे नदीकाठी आत असलेल्या आगरवाड्याला ती तेमवाड्यानंतर.

गोव्यात पौर्णिमा-अमावास्येच्या सुमारास पहाटे ओहोटी असते आणि पाणी दुपारच्या थोडं आधी भरतं. त्यानंतर रोज साधारण 50 मिनिटांनी वेळ पुढे सरकते. सकाळी सात ते नऊ हा धुकं विरत जाण्याचा वेळ आणि चढत्या भरतीचा वेळ एकत्र यायला हवा असेल, तर द्वादशी-त्रयोदशीपासून प्रतिपदा-द्वितीयेपर्यंतचे दिवस धरा. उधाणाचे दिवस असल्याने पाणी जास्त वर येतं, भरती-ओहोटीत साधारण 2 मीटरचा फरक पडतो आणि पक्ष्यांना बसायला थोडीच वाळू उरते. अष्टमीच्या भांगाला, म्हणजे पाण्याचा चढ-उतार कमी असतो तेव्हा, उलट असतं. पाणी पहाटेच भरून सकाळी सावकाश उतरू लागतं आणि पक्षी तुमच्यापासून लांब लांब जातात.

वसंतात अशा तीन संधी येतात आणि तिन्हींत वेगळं दिसतं. फाल्गुनी पौर्णिमेला, शिगम्याच्या दिवसांत, कुरवांची गर्दी असते आणि त्यांच्या डोक्यावर काळी-तपकिरी टोपी चढलेली असते. पाडव्याआधीच्या अमावास्येला वाळूवरचे छोटे चिखल्या (प्लोवर) छातीवर विटकरी होऊ लागतात. चैत्री पौर्णिमेपर्यंत कुरव विरळ झालेले असतात, पण कर्ल्यू सँडपायपर तांबडे आणि सोन चिखल्या पोटाखाली काळे झालेले सापडू शकतात. एकाच सकाळी जाणं शक्य असेल तर मी पाडव्याची अमावास्या निवडेन. हिवाळी आणि विणीचे असे दोन्ही वेष एकाच थव्यात शेजारी शेजारी दिसतात, आणि शिकायला यासारखा दुसरा काळ नाही.

तपासा: पूर्ण भरतीची वेळ कागदावर लिहा. त्यातून अडीच तास वजा करा. त्या वेळी तुम्ही जागेवर बसलेले असायला हवं. ही वेळ सूर्योदयाआधीची निघाली तर उजाडताना पोहोचा. मार्चच्या मध्यावर सूर्य साडेसहा ते पावणेसातच्या दरम्यान उगवतो.

## पायरी 2: उजेडाची बाजू ठरवा

आपला किनारा पश्चिमेकडे तोंड करून आहे, हे सकाळच्या निरीक्षकाचं मोठं भाग्य. सूर्य पाठीशी येतो. तरीही नदीच्या मुखाशी लोक वाळूच्या टोकाला वळसा घालतात, पक्ष्यांच्या पलीकडे समुद्राच्या बाजूला जातात आणि मग पूर्वेकडे बघत बसतात. धुक्यात सूर्य समोर असला की सगळं धुकंच पेटल्यासारखं पांढरं होतं. पक्षी काळ्या ठिपक्यांसारखे दिसतात, रंग शून्य.

म्हणून जमिनीकडच्या बाजूला बसा. पक्षी तुमच्या आणि पाण्याच्या मध्ये असायला हवेत. आदल्या संध्याकाळी जागेवर जाऊन वाळूचा पट्टा पाहून घ्या, कारण पावसाळ्यात मुखाशी वाळू हलते आणि गेल्या वर्षीचं टोक यंदा त्याच जागी असेलच असं नाही. आदल्या भरतीची ओली खूण, म्हणजे काटक्या, शिंपले आणि शेवाळ यांची ओळ शोधा. तिच्या वरच्या अंगाला, कोरड्या वाळूवर तुमची बैठक. मागे सुरूची झाडं किंवा होडी असेल तर तुमची आकृती आकाशावर उठून दिसत नाही.

धुकं कुठून येतं हे कळलं तर धीर धरणं सोपं जातं. निरभ्र रात्री जमीन थंड होते, नदीच्या खोऱ्यात धुकं साचतं आणि पहाटेचा मतलई वारा ते मुखाकडे ढकलतो. त्यामुळे उघड्या किनाऱ्यावर मोकळं असलं तरी मुखाशी दाट असू शकतं. सूर्य कासराभर वर आला की ते विरू लागतं. पुढे नऊ-साडेनऊनंतर तापलेल्या वाळूवरून हवा थरथरायला लागते आणि लांबचं पुन्हा अंधुक होतं. या दोन्हींमधला तास-दीड तास हीच खरी कामाची वेळ.

सावधान: ओहोटीला मुखात उघडं पडलेलं वाळूचं बेट मोहात पाडतं. धुक्यात त्यावर जाऊ नका. भरतीला पाणी आधी बेटाच्या मागच्या खोलगट भागात भरतं, समोरून काहीच कळत नाही आणि परतीची वाट बंद होते. मुखाजवळचा चिखल पाय आत ओढतो.

## पायरी 3: आदल्या रात्रीची तयारी

पहाटेचे निम्मे हाल एसीमुळे होतात. थंड खोलीतून किंवा थंड गाडीतून काढलेली दुर्बीण किनाऱ्याच्या दमट हवेत क्षणात आतबाहेर धुरकटते. लोक ती शर्टाच्या टोकाने पुसतात, काच पुन्हा धुरकटते, आणि या पुसापुशीत खारट कणांनी काचेवर ओरखडे उठतात. उपाय साधा आहे. रात्री दुर्बीण आणि कॅमेरा पिशवीत घालून एसी नसलेल्या खोलीत किंवा बंद व्हरांड्यात ठेवा. सकाळी गाडीत एसी लावू नका, काचा उघड्या ठेवा. तरीही काच धुरकटलीच तर पुसू नका, पंधरा-वीस मिनिटं तशीच राहू द्या.

दुर्बीण 8×42 ची (आठपट मोठं दाखवणारी, पुढची काच 42 मिलिमीटरची) पुरते. जास्त मोठं दाखवणारी दुर्बीण धुकंही मोठं करते, आणि मंद उजेडात तिच्यातून अंधारच जास्त दिसतो. स्पॉटिंग स्कोप (तिकाटण्यावर ठेवून एका डोळ्याने बघायची मोठी दुर्बीण) असेल तर 20 ते 30 पटींवर ठेवा, पुढे नेला की धुक्यात चित्र फुटतं.

बाकी पिशवीत: पेन्सिल (दवाने शाई पसरते), वही, पाणी, बसायला ठेंगणं स्टूल किंवा गोणपाट, दोन मऊ कापडं, लेन्सवरची वाळू उडवायचा रबरी फुगा. कपडे मातकट किंवा करडे. पांढरा शर्ट धुक्यातही लांबून दिसतो.

सावधान: तेमवाडा, आश्वे-मांद्रे, आगोंद आणि गालजीबाग हे ऑलिव्ह रिडले कासवांच्या विणीचे किनारे आहेत आणि वसंतात पिल्लं बाहेर पडत असतात. अंधारात टॉर्चचा पांढरा झोत त्यांना समुद्राऐवजी भलतीकडे नेतो. पांढरा दिवा लावू नका. वाट दिसेनाशी असेल तर लाल कागद बांधलेला बारीक दिवा, तोही खाली जमिनीकडे. वनखात्याने कुंपण घातलेल्या घरट्यांपासून दूर राहा.

## पायरी 4: पोहोचा आणि बसा

मोरजीला म्हापशाहून शिवोली-चोपडे पुलावरून जाता येतं. गाडी वाळूच्या बरीच अलीकडे लावा, दारं हळू लावा. किनाऱ्यावर थेट पक्ष्यांच्या रोखाने चालू नका. कोरड्या वाळूच्या वरच्या कडेने तिरकं, थांबत थांबत जा. बैठकीवर पोहोचलात की बसा, आणि पहिली दहा मिनिटं दुर्बिणीला हात लावू नका.

ही दहा मिनिटं सोडायला कोणी तयार नसतं. पण तुम्ही चालत आल्याने सावध झालेले पक्षी एवढ्याच वेळात पुन्हा चरायला लागतात आणि तुमचे डोळे धुक्याला सरावतात.

पक्षी बिचकल्याच्या खुणा उडण्याच्या आधीच दिसतात. एका पायावर झोपलेले दुसरा पाय टेकवतात. माना ताठ होतात. चरणं थांबतं आणि सगळे एकाच दिशेने चालू लागतात. यांतलं एकही दिसलं तर जागीच थांबा, बसा, आणि तरीही ते शांत झाले नाहीत तर मागे सरका. छोट्या चिखल्यांपासून 40-50 मीटर आणि कोरलपासून 100 मीटरच्या वर अंतर ठेवण्याचा माझा नेम आहे.

हे सांगताना मी हट्टी होतो, कारण वसंतात हे पक्षी प्रवासासाठी चरबी साठवत असतात. तपकिरी डोक्याचा कुरव लडाखसारख्या उंचावरच्या सरोवरांवर आणि मध्य आशियात वीण करतो. कर्ल्यू सँडपायपर सायबेरियाच्या थेट उत्तर टोकाला जातो. फोटोसाठी थवा उडवला की त्यांच्या साठ्यातलं काही आपण काढून घेतो. किनाऱ्यावरची कुत्री हे काम रोज करतात, त्यात आपली भर नको.

तपासा: बसल्यावर पंधरा मिनिटांनी सगळ्यात जवळचा पक्षी चरतोय किंवा झोपलाय का? असेल तर जागा बरोबर आहे.

## पायरी 5: आधी ऐका

दाट धुक्यात दिसत नसतं तेव्हा कान चालतात, आणि किनाऱ्यावरचे बरेच पक्षी आवाजावरून डोळे मिटून ओळखता येतात. वहीत दिशेसह लिहा: "डावीकडे, लांब, तीन शिट्ट्या."

छोटा कोरल (व्हिंब्रेल) एकाच पट्टीत, भराभर, साधारण सात वेळा शिट्टी वाजवतो. मोठ्या कोरलची हाक लांबलेली आणि शेवटी वर चढणारी, "कुर-ली". हिरव्या पायांचा टिलवा (ग्रीनशँक) ठणठणीत "ट्यू-ट्यू-ट्यू" करतो, तिन्ही सूर सारख्या जोराचे. लाल पायांच्या टिलव्याचा (रेडशँक) पहिला सूर लांब आणि पुढचे दोन खाली उतरणारे. करड्या चिखल्याची हाक तीन स्वरांची, मध्ये खाली जाऊन पुन्हा वर येणारी आणि फार उदास. पाण्याच्या कडेने खाली उडत जाणारा "ट्वी-वी-वी-वी" करत असेल तर तो सामान्य तुतवार (सँडपायपर). सुरयांचं (टर्न) करकरणं वरून ऐकू येतं.

आवाज घरी आधी ऐकून जा. किनाऱ्यावर मोबाइलवरून वाजवू नका.

रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं, ओढली जात असेल तर तिकडे कान लावा. जाळं किनाऱ्याशी येऊ लागलं की कुरव, सुरय, घारी आणि समुद्र बगळे तिथे जमतात, आणि धुक्यात कुठे बघायचं हे त्यांच्या गलक्यावरून कळतं. रापणकारांच्या दोरांमध्ये जाऊ नका. "काका, इथं बसलो तर चालेल?" एवढं आधी विचारावं. कोणते पक्षी कधीपासून दिसेनासे झाले, हे त्यांच्याइतकं नेमकं कोणी सांगत नाही.

## पायरी 6: नाव घेण्याआधी मोजा

धुकं विरळ झालं की दुर्बीण उचला, पण पहिली फेरी फक्त मोजणीची. थव्याच्या एका टोकापासून दहा पक्षी मोजा, त्या दहांनी किती जागा व्यापली ते बघा आणि तेवढे तुकडे पुढे मोजत जा. कुरव वेगळे, सुरय वेगळे, वाळूवर धावणारे छोटे वेगळे, लांब पायांचे वेगळे. दर पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजा, कारण पाणी चढेल तसे नवे थवे येत राहतात.

मोजणी आधी करण्याचं कारण असं, की नाव शोधायला लागलं की माणूस एका पक्ष्यात अडकतो. घार किंवा सागरी गरुड डोक्यावरून गेला की थवा उडतो, आणि मग हातात संख्याही नाही, नावही नाही.

## पायरी 7: ओळख, धुक्याला धरून

सगळ्यात जास्त चुका इथे होतात. धुक्यात काय खरं मानायचं आणि काय नाही, हे आधी पक्कं करा.

आकारमान मानू नका. धुक्यात शेजारचं झाड, होडी, माणूस नाहीसा झालेला असतो, त्यामुळे एकटा पक्षी आहे त्यापेक्षा मोठा आणि लांब वाटतो. म्हणून त्याच्याच अंतरावरचा ओळखीचा पक्षी शोधा. आपल्या किनाऱ्यावर कावळा सगळीकडे आहे, साधारण 40 सेंटिमीटरचा. तपकिरी डोक्याचा कुरव त्याच्या बरोबरीचा, छोटा कोरल किंचित मोठा, मोठा कोरल स्पष्टच मोठा, केंटिश चिखल्या त्याच्या निम्म्याहून लहान. कावळा शेजारी नसेल तर आकारमान वहीत लिहूच नका.

पाठीची छटा आणि पायांचा रंग मानू नका. कुरवांच्या पाठीचा करडेपणा धुक्यात दर मिनिटाला बदलतो. ओल्या चिखलात लाल पाय काळे दिसतात.

प्रमाण माना. चोच डोक्याच्या किती पट लांब, पाय शरीराच्या मानाने किती, मान दिसते की नाही, ही प्रमाणं धुकं बिघडवत नाही.

चाल माना. माझ्या मते ही सगळ्यात भरवशाची खूण. चिखल्या धावतो, थबकतो, टोचतो, पुन्हा धावतो. तुतवारांची डोकी चालता चालता सतत खाली-वर होत असतात. सँडरलिंग परतणाऱ्या लाटेमागे धावतो आणि पुढची लाट आली की तिच्यापुढे पळत सुटतो. सामान्य तुतवाराचं मागचं अंग सारखं वरखाली हलतं. टेरेक सँडपायपर वाकून, घाईघाईने, दिशा बदलत पळतो. गॉडविट चोच मुळापर्यंत चिखलात खुपसतो. कोरल सावकाश पावलं टाकतो आणि खेकड्याच्या बिळात चोच तिरकी घालतो. टर्नस्टोन शिंपले आणि शेवाळ उलटवत जातो.

उडतानाचा नमुना माना. थवा आपसूक उडाला तर पंख आणि ढुंगण बघा. लाल पायांच्या टिलव्याच्या पंखांची मागची कड पांढरी असते. हिरव्या पायांच्या टिलव्याचे पंख कोरे, पण पाठीवर पांढरी पाचर. करड्या चिखल्याच्या काखा काळ्या, आणि ही खूण बऱ्याच लांबून दिसते.

आता गोंधळाच्या जोड्या.

*कोरल की छोटा कोरल.* छोट्या कोरलच्या डोक्यावर गडद पट्टे असतात आणि चोच आखूड, टोकाकडे एकदम वळलेली. मोठ्याची चोच फार लांब आणि मुळापासून हळूहळू वाकत जाणारी, डोकं साधं. धुक्यात पट्टे दिसले नाहीत तर आवाजाची वाट बघा.

*वाळूवरचे छोटे चिखल्या.* केंटिश चिखल्याच्या मानेवर मागून पांढरा पट्टा असतो, सँड प्लोवरच्या नसतो. त्यामुळे पाठमोरे पक्षी आधी बघा. लेसर सँड प्लोवरचे अलीकडे दोन स्वतंत्र पक्षी मानले गेले, सायबेरियन आणि तिबेटी. आपल्या बाजूला तिबेटीची अपेक्षा ठेवायची, आणि वसंतात नराचं कपाळ बहुतांशी काळं दिसलं तर तो तिबेटी. सायबेरियन नराच्या कपाळावर पांढरा भाग असतो. ग्रेटर सँड प्लोवरची चोच आणि पाय दोन्ही लांब. चोचीची लांबी तिच्या मुळापासून डोळ्याच्या मागच्या कडेपर्यंतच्या अंतराशी ताडून बघा, त्याहून चोच लांब वाटली तरच ग्रेटर म्हणा. हे सगळं धुकं पूर्ण विरल्यावर. आधी नाही.

*टोपीवाले कुरव.* तपकिरी डोक्याच्या प्रौढ कुरवाच्या पंखांची टोकं काळी आणि त्या काळ्यात पांढरा ठिपका, डोळा फिकट. काळ्या डोक्याच्या कुरवाच्या पंखाच्या बाहेरच्या कडेला लांब पांढरी पाचर, डोळा गडद. टोपीच्या रंगावर जाऊ नका. मंद उजेडात दोन्ही सारख्याच दिसतात, आणि काळ्या डोक्याच्या कुरवाची टोपीही मुळात तपकिरीच असते. खरी काळी टोपी पल्लास कुरवाची. तो इतरांच्या शेजारी अवाढव्य दिसतो, डोळ्याच्या वर-खाली पांढऱ्या चंद्रकोरी असतात आणि पिवळ्या चोचीच्या टोकाजवळ काळा पट्टा. वसंतातही डोकं पांढरंच, मान लांब, कपाळ उतरतं आणि अंगावर गुलाबी झाक असेल तर तो स्लेंडर-बिल्ड. थोराड, गडद पाठीच्या कुरवांच्या जाती धुक्यात वेगळ्या काढण्याचा प्रयत्न नवख्याने करू नये.

*सुरय.* इथे चोचीचा रंग लागतो, म्हणून सूर्य पाठीशी असणं गरजेचं. छोटा तुरेवाला सुरय नारिंगी चोचीचा, मोठा तुरेवाला फिकट पिवळ्या चोचीचा, सँडविच काळ्या चोचीचा आणि तिचं टोक पिवळं, गल-बिल्ड आखूड जाड काळ्या चोचीचा, कॅस्पियन भल्या मोठ्या लाल चोचीचा. छोटा सुरय इतका लहान की शंका राहत नाही. रंग दिसत नसेल तर बसलेल्या थव्यात चोचीची जाडी बघा, ती धुक्यातही कळते.

तपासा: प्रत्येक नावासमोर दोन स्वतंत्र खुणा लिहिता येतात का? एकच खूण असेल तर नाव खोडा आणि "सुरय, जात नक्की नाही" असं लिहा.

रंगीत पट्ट्या किंवा कडी घातलेला पक्षी दिसला तर बाकी सगळं बाजूला ठेवा. कोणता पाय, सांध्याच्या वर की खाली, कोणता रंग वर आणि कोणता खाली, त्यावरची अक्षरं, एवढं लिहा आणि जमेल तसा फोटो काढा. ही माहिती बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीला कळवता येते.

## पायरी 8: पाणी भरलं की मिठागरांकडे

पूर्ण भरतीला वाळू उरत नाही आणि छोटे पक्षी एकदम गायब होतात. बरेच लोक इथे घरी परततात. पक्षी मात्र आतल्या कोरड्या जागी विसावलेले असतात: मिठागरांचे बांध, खाजन म्हणजे खाडीकाठची बांध घातलेली शेतं, मानशीच्या (भरतीचं पाणी अडवणाऱ्या दाराच्या) आतली उथळ पाणथळ. शापोऱ्याच्या काठी आगरवाड्याची मिठागरं, मांडवीकाठी रायबंदरच्या वाटेवरची. वसंत हा मीठ काढण्याचा हंगाम आहे, त्यामुळे बांधांवर न विचारता चालू नका. ओल्या बांधाची कड पायाने ढासळते आणि मिठागर ही कुणाची तरी रोजीरोटी असते. रस्त्यावरूनच बघा. गाडी थांबवून आत बसून राहिलात तर पक्षी आणखी कमी बिचकतात.

इथे पक्षी दाटीने आणि स्थिर बसतात. सकाळी अर्धवट राहिलेल्या नावांची उत्तरं बहुधा इथेच मिळतात.

सावधान: कुंभारजुवे कालवा आणि चोडणच्या खारफुटीत मगरी आहेत. पाण्याच्या कडेला उकिडवे बसू नका.

## पायरी 9: उघड्या समुद्राकडे बघायचं असेल तर

समुद्रावरच राहणारे पक्षी बघायचे तर उंची लागते: काब द राम, आग्वाद, दोनापावला. धुक्यात हे करू नका. क्षितिजाची रेघ स्पष्ट झाल्यावरच बसा. वारा समुद्राकडून येणारा असावा, म्हणून एप्रिल-मे जास्त चांगले. स्कोप क्षितिजाच्या किंचित खाली धरून डावीकडून उजवीकडे फार हळू फिरवा आणि ट्रॉलर दिसला की त्याच्या मागे थांबा. सुरयांचा पाठलाग करून त्यांच्या तोंडचा मासा टाकायला लावणारा गडद, जाडजूड पक्षी दिसला तर तो स्कुआ. पंख ताठ धरून लाटांच्या वर-खाली घसरत जाणारा शिअरवॉटर. तासभर काहीच न दिसणं इथे नेहमीचं आहे.

कड्यांवरचा जांभा दवाने निसरडा असतो. कडेपासून दोन माणसांच्या उंचीइतकं मागे बसा.

## पायरी 10: नोंद त्याच दिवशी, मीठ त्याच तासाला

दुर्बिणीवरची वाळू आधी फुग्याने उडवा, मग किंचित ओल्या कापडाने मीठ टिपा, शेवटी कोरड्या कापडाने. कोरड्या मिठावर कापड घासलं की काच कायमची खराब होते. ट्रायपॉडचे पाय उघडून गोड्या पाण्याने धुवा.

ईबर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर यादी भरताना किनारा आणि मिठागर यांच्या याद्या वेगळ्या ठेवा. वेळ, भरतीची अवस्था आणि "धुकं, सुमारे 100 मीटरपर्यंतच दिसत होतं" अशी टीप लिहा, म्हणजे कमी आकड्याचा अर्थ पुढे वाचणाऱ्याला लागतो. जात नक्की नसलेल्या पक्ष्यांसाठी तिथे "सुरय, जात अनिश्चित" अशा धर्तीचे पर्याय आहेत, ते मोकळेपणाने वापरा. "सायबेरियन किंवा तिबेटी" असाही एक आहे. रात्री फोटो बघून नावं बदलली तर वहीतली मूळ नोंद खोडू नका, शेजारी नवी लिहा.

किनाऱ्यावर दमून बसलेला, न उडणारा समुद्रपक्षी सापडला तर त्याला पाण्यात परत ढकलू नका. मेअखेरीच्या वादळी वाऱ्यांनंतर बूबीसारखे पक्षी असे येऊन पडतात आणि पाण्यात ढकलल्याने बुडतात. कुत्र्यांपासून आडोसा करा, डोक्यावर कापड टाकून हवा खेळती राहील अशा खोक्यात ठेवा, चोचीत पाणी किंवा मासा घालू नका आणि वनखात्याला कळवा. चोच थेट डोळ्यांवर येते, म्हणून उचलताना चेहरा लांब ठेवा.